जखमेला हात कोण लावतो?

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरत येतो. सुश्रुत हा शल्यचिकित्सेचा जनक, जगाला जखम शिवायला आपल्या ऋषींनी शिकवलं, वगैरे. खाली शंखाचं चित्र आणि अभिमान बाळगण्याची आज्ञा. सुश्रुतसंहितेत जखमेवरच्या साठ उपचारांची मांडणी आहे आणि पट्ट्यांचे चौदा प्रकार सांगितले आहेत, हे खरं आहे. ते ज्ञान मोठं आहे, त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. पण हा संदेश पाठवणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारते. पू धुतला कुणी? घोट्यावर महिनोन्महिने चिघळणारी, वास मारणारी, माशा बसणारी जखम रोज उघडून पुसण्याचं काम ज्या समाजाने विटाळ मानलं, त्याच समाजात हे साठ उपचार जमले कसे?

हा प्रश्न फक्त वैद्यकाचा नाही, स्पर्शाचा आहे. म्हणून तो आपला आहे.

आधी मनुस्मृती काय म्हणते ते बघू. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कुणाला बोलावू नये याची यादी आहे, त्यात वैद्य आहे. चौथ्या अध्यायात वैद्याच्या घरचं अन्न निषिद्ध ठरवलं आहे, आणि त्या अन्नाची बरोबरी थेट पुवाशी केली आहे. म्हणजे ज्याने दुसऱ्याचा पू पुसला, त्याच्या ताटातलं अन्नही पूच. त्याही आधीच्या तैत्तिरीय संहितेत देवांचे वैद्य अश्विनीकुमार माणसांत फिरतात म्हणून अशुद्ध ठरले आहेत, आणि ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असं सांगितलं आहे. देवांच्या वैद्यांची ही गत, तर माणसांच्या वैद्यांचं काय!

अकरावा अध्याय रुग्णाकडे वळतो. कोणत्या पापाने कोणता रोग होतो, याचा तिथे हिशेब आहे. गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याला त्वचेचा रोग, कपडे चोरणाऱ्याला पांढरे कोड. कोड आणि कुष्ठ असलेल्या घराण्यात लग्न करू नये, हे तिसऱ्या अध्यायात आधीच सांगून झालेलं आहे. म्हणजे कातडीवरचा डाग हा मागच्या जन्माचा पुरावा. एकदा हे मान्य केलं की जखम धुण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. रोग्याने केलं, रोग्याने भोगावं.

आता विनयपिटक उघडू. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिलेलं नसतं, कारण विहारात त्रिशरण-पंचशील आणि वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' इथवर आपलं वाचन थांबतं. महावग्गात भेसज्जक्खंधक नावाचं एक प्रकरण आहे. भेसज्ज म्हणजे औषध. त्यातल्या जखमांच्या नियमांत देव नाहीत, मंत्र नाहीत, मागचा जन्म नाही. एखाद्या सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंगरूममधलं रजिस्टर वाचावं तसं ते प्रकरण आहे.

आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना अंगभर खरजेसारखा रोग झाला होता. अंगातून लस गळायची आणि चीवर कातडीला चिकटायचं. भिक्खू पाणी लावून लावून ते सोडवत होते. बुद्ध फिरताना तिथे आले, हे काय चाललंय असं त्यांनी विचारलं, आणि खाज, पुटकुळ्या, वाहती जखम, जाड खपल्या असलेल्या भिक्खूंसाठी औषधी चूर्णं वापरायची परवानगी दिली. मग चूर्ण कुटायला खलबत्ता हवा, त्याचीही परवानगी. चाळायला चाळणी हवी, तिचीही. याच बेलट्ठसीसांच्या निमित्ताने खाजेची कातडी झाकायला एक वेगळं वस्त्र मंजूर झालं. चिकटलेली पट्टी कोरडी ओढायची नाही, आधी ओली करायची, हे आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ते भिक्खू तेच करत होते.

पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूंच्या पायांना भेगा पडल्या होत्या. पायाला तेल चोळायची परवानगी मिळाली, आणि पायासाठी लेप तयार करायचीही. अनवाणी चालणाऱ्या माणसांचा संघ होता तो. भेगेतून जखम सुरू होते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग येतो गळू झालेला एक भिक्खू. त्याचं नावही ग्रंथात नाही. इथे नियम एकामागून एक कसे येतात ते बघण्यासारखं आहे. गळू शस्त्राने फोडायला परवानगी. मग तुरट काढ्याचं पाणी लागलं, परवानगी. तिळाचा लगदा लागला, परवानगी. वर ठेवायला घडी, बांधायला पट्टी. जखम खाजायला लागली तर मोहरीचं चूर्ण शिंपडा. जखम ओलसर राहू लागली तर धुरी द्या. मांस वर वाढून आलं तर मिठाच्या खड्याने छाटा. जखम भरून येईना तर व्रणतेल. तेल ओघळू लागलं तर ते टिपायला फडकं. आणि शेवटी, जखमेवरच्या सगळ्याच उपचारांना परवानगी. मला इतका मानवी कायदा दुसरा माहीत नाही. आधी संहिता लिहून मग रोगी शोधलेला नाही. जखम जशी बदलत गेली, तसा नियम बदलत गेला.

या प्रकरणाबाबत आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवायला हवी. परंपरा सांगते की राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय म्हणून दाखवला तो उपालींनी. उपाली न्हावी होते. गावगाड्यात गळू फोडणं, रक्त काढणं, तुंबडी लावणं ही कामं अगदी आपल्या आजोबांच्या काळापर्यंत न्हाव्यांकडे होती. शिंग लावून रक्त काढण्याचा उल्लेखही याच प्रकरणात आहे. वस्तरा चालवणाऱ्या हाताच्या माणसाच्या तोंडून पट्टीचे, धुरीचे, तेलाचे नियम पुढच्या पिढ्यांकडे गेले. हा योगायोग असेल, नसेल. पण 'आपल्या ऋषींनी' म्हणणाऱ्यांच्या यादीत उपाली कधी नसतात, एवढं नक्की.

देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी 1977 च्या 'सायन्स अँड सोसायटी इन एन्शंट इंडिया' या पुस्तकात मांडलं की वैद्यकाला लागणारी निरीक्षणाची वृत्ती आणि वर्णव्यवस्थेचं धर्मशास्त्र यांच्यात सरळ वैर होतं. केनेथ झिस्क यांनी 1991 मध्ये 'असेटिसिझम अँड हीलिंग इन एन्शंट इंडिया' लिहून आयुर्वेदाच्या जडणघडणीत श्रमणांचा, विशेषतः बौद्ध संघाचा वाटा मोठा असल्याचं दाखवायचा प्रयत्न केला. झिस्क यांच्या मांडणीवर अभ्यासकांत वाद आहेत, आणि संपूर्ण आयुर्वेद बौद्धांचाच, अशी घोषणा आपण लगेच देऊ नये. त्याची गरजही नाही. मुद्दा साधा आहे. जखमेजवळ बसायला कुणाच्या धर्माने परवानगी दिली आणि कुणाच्या धर्माने बसणाऱ्याला पंक्तीतून उठवलं, हे दोन्हीकडच्या ग्रंथांत लिहिलेलं आहे.

महावग्गातलाच पुढचा प्रसंग बहुतेकांना माहीत आहे. अतिसार झालेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता, इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही कामाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, स्वतः त्याच्यावर पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. मग भिक्खूंना जमवून सांगितलं की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांची सेवा करणार नसाल तर कोण करणार, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. धम्मपदाच्या अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स थेरांची गोष्ट आहे. अंगभर फोड फुटून त्यांच्या शरीराला दुर्गंधी येत होती, सोबत्यांनी त्यांना टाकून दिलं होतं. तिथेही बुद्ध स्वतः पाणी गरम करतात, चीवर धुवायला लावतात, अंग पुसतात.

या गोष्टी आपण भावुक होऊन सांगतो आणि पुढचा भाग विसरतो. पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. औषध तयार करता यावं, पथ्य-अपथ्य कळावं, सेवा मैत्रीने करावी, लाभासाठी नाही, रोग्याला धम्माच्या गोष्टींनी धीर देता यावा. आणि मल, मूत्र, थुंकी, ओकारी उचलताना किळस वाटू नये. या गुणाला पालीत शब्द आहे अजेगुच्छी. जिगुप्सा नसलेला. अस्पृश्यता म्हणजे दुसरं काय असतं? किळसेला दिलेलं धर्माचं प्रमाणपत्र. त्याच्या अगदी उलट बाजूला हा शब्द उभा आहे. आणि नुसतं कौतुक करून बुद्ध थांबत नाहीत. आजारी भिक्खू वारला तर त्याचं पात्र आणि चीवर त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावं, असा नियम होतो. जो धुतो त्याचा हक्क मान्य केला आहे.

आता अवघड जागा. ती टाळून लिहिलं तर हा लेख प्रचारपत्रक होईल. याच महावग्गात कुष्ठ, गंड, कोड, क्षय आणि अपस्मार या पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. मगधात हे रोग पसरले, जीवक बिंबिसाराचा आणि संघाचा वैद्य होता, लोक फुकट उपचारासाठी चीवर घालून संघात येऊ लागले आणि बरे होऊन परत जाऊ लागले, म्हणून जीवकानेच ही विनंती केली, असं कारण दिलं आहे. कारण व्यवहाराचं आहे, पापाचं नाही, हा फरक मोठा आहे. तरीही दार बंद झालं ते झालंच. संस्था मोठी झाली की तिला रोगी ओझं वाटू लागतो, हे आपल्या संस्थांनाही लागू आहे.

दुसरी अवघड जागा उदानातल्या सुप्पबुद्धाची. राजगृहातला कुष्ठरोगी, गावातला सगळ्यात दरिद्री माणूस. गर्दी दिसली म्हणून काही खायला मिळेल या आशेने तो आला, बुद्धांचं प्रवचन ऐकलं आणि त्याला धम्म कळला. पण उदानातच पुढे त्याच्या रोगाचं कारण म्हणून मागच्या जन्मातला अपराध सांगितला आहे. मनूच्या अकराव्या अध्यायाचा वास इथे येतो, आणि तो येतो हे म्हणायला आपण घाबरू नये. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो की सगळं सुखदुःख पूर्वकर्मानेच होतं हे खरं का, तेव्हा बुद्ध नाही म्हणतात आणि पित्त, कफ, वात, ऋतुबदल, निष्काळजी वागणं, बाहेरून झालेला घाव अशी कारणं मोजतात. दोन्ही त्रिपिटकातच आहे. निवड करावी लागते. बाबासाहेबांनी ती केली. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून काढून घेतो, हा त्यांचा आक्षेप 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये स्पष्ट आहे. आणि सुप्पबुद्धाला त्यांनी कुठे बसवलं ते बघा. न्हावी उपाली, झाडूवाला सुनीत, अस्पृश्य सोपाक आणि सुप्पिय यांच्याच भागात. कुष्ठरोग्याचा प्रश्न आणि अस्पृश्याचा प्रश्न एकाच पंक्तीत.

ही पंक्ती कल्पनेतली नव्हती. इंग्रज सरकारने 1898 मध्ये कुष्ठरोग्यांचा कायदा केला. त्या कायद्यात कुष्ठरोगी कोण? ज्याच्या अंगावर व्रण पडायला सुरुवात झाली आहे तो. म्हणजे व्रण हीच व्याख्या. जखम दाखवून भीक मागणाऱ्या निर्धनाला पकडून आश्रमात डांबता येत होतं. आणि ज्या गोष्टींवर बंदी घालता येत होती त्यांत खाण्यापिण्याचे पदार्थ विकणं, भाड्याच्या गाडीत बसणं आणि सार्वजनिक विहीर किंवा तळ्याचं पाणी घेणं होतं. हे वाचून ज्याला महाडचं तळं आठवत नाही, त्याने 1927 चा इतिहास पुन्हा वाचावा. रोगजंतूचं नाव पुढे करून जातीचीच व्यवस्था कलमांत उतरवली होती. कायदा रद्द व्हायला 2016 उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणारी तरतूद वैयक्तिक कायद्यांतून 2019 मध्ये गेली. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार 1980 च्या दशकात आला होता. औषध आलं, तरी कायद्याची किळस गेली नव्हती.

विज्ञानाने या किळसेला सगळ्यात मोठा धक्का दिला तो वेल्लोरला. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक 1946 मध्ये तिथे आले. तोवर समज असा की कुष्ठरोग्याचं मांसच सडकं, त्याची जखम भरणारच नाही. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मांसाला काही झालेलं नाही. संवेदना गेलेली आहे. पायात खिळा घुसला तरी कळत नाही, म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, आणि ती चिघळत जाते. पायाला प्लास्टर घालून तळव्यावरचा भार वाटून दिला की तीच 'सडकी' जखम भरून येते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठी पुढे जगभर हीच पद्धत गेली. पण प्लास्टर काढल्यावर जखम पुन्हा होऊ नये म्हणून जोडा लागतो, मऊ रबराच्या तळव्याचा, बाहेरून टणक, आत खिळा नसलेला. वेल्लोर-करिगिरीला असे जोडे बनवण्याच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं यश शेवटी जोडे शिवणाऱ्या हातावर अवलंबून राहिलं. आपल्याकडे तो हात कोणत्या जातीचा मानला गेला, हे मी सांगायला नको.

घोट्याच्या आतल्या बाजूला होणारी जखम वेगळी. तिथे शिरांमधल्या झडपा निकामी होतात, रक्त खाली साचतं, पाय सुजतो, कातडी काळवंडते, टणक होते, खाजते, आणि एका नखाच्या ओरखड्याने व्रण सुरू होतो. तो वर्षानुवर्षं राहतो. जर्मनीच्या पॉल ऊना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिंकची घट्ट पट्टी वापरायला सुरुवात केली. आजही उपचाराचं सूत्र तेच आहे, दाब आणि पाय उंच ठेवणं. (धमन्या तुंबलेल्या असतील तर घट्ट पट्टीने पाय जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ती बांधायची नाही.) पाय उंच ठेवा, हा सल्ला फुकट आहे असं वाटतं. वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या, रस्ता झाडणाऱ्या बाईला विचारा त्याची किंमत किती आहे. एक दिवस पाय उंच ठेवला की एका दिवसाची मजुरी गेली. म्हणून ती चुना लावते, तंबाखू लावते, गोळी फोडून तिची पूड जखमेत भरते आणि कामावर जाते. हा अज्ञानाचा प्रश्न आहे असं म्हणणाऱ्या तज्ज्ञांनी तिचा पगार द्यावा आणि मग बोलावं.

पूर्व विदर्भात हत्तीपाय आहे. तिथल्या सुजलेल्या पायाचं दुखणं थांबवण्याचा मुख्य उपाय रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, चिरांवर मलम लावणं हा आहे. सिकलसेलमध्येही घोट्याजवळ व्रण होतात. आपल्याकडे ते आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी दिसतात, पण नागपूर भागातल्या बौद्ध आणि आदिवासी घरांत सिकलसेल आहे हे विसरून चालणार नाही. आणि मधुमेह तर बाबासाहेबांनाच होता. पायांच्या वेदनांनी त्यांना शेवटची वर्षं किती छळलं, हे त्यांचं चरित्र वाचणाऱ्याला माहीत आहे. डॉ. सविता आंबेडकर, म्हणजे तेव्हाच्या डॉ. शारदा कबीर, त्यांच्या आयुष्यात आल्या त्या याच आजारपणात. 14 एप्रिलला आपण रक्तदान शिबिर घेतो, उत्तम आहे. त्याच मांडवात बसलेल्या म्हाताऱ्या उपासिकेच्या पायाला बांधलेलं फडकं किती दिवसांचं आहे, हे आपण विचारत नाही.

इतिहासाची एक फांदी आपल्या अगदी घरातली आहे. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं, आणि त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. आपण त्यांना शिक्षणाची माता म्हणतो. त्यांचा मृत्यू अजेगुच्छी या शब्दात बसतो, हे आपण फारसं म्हणत नाही.

आज हे काम कोण करतं? कोणत्याही सरकारी रुग्णालयात जा. जखमेच्या ट्रेखालची बादली कोण उचलतं, पुवाने भरलेल्या पट्ट्या कोण गोळा करतं, हातमोजे आहेत का, पगार कंत्राटदार देतो की सरकार, हे विचारा. मग त्यांची आडनावं विचारा. मनूने वैद्याला पंक्तीतून उठवलं होतं. आता वैद्य पंक्तीच्या मध्यभागी बसला आहे आणि पंक्तीबाहेर राहिला आहे तो बादली उचलणारा. विनयाने शुश्रूषकाला पात्र-चीवराचा हक्क दिला होता, आपल्या राज्याने त्याला अकरा महिन्यांचं कंत्राट दिलं. सफाई कामगारांच्या संघटनांनी वेतनाच्या मागणीसोबत हा इतिहासही पुढे ठेवला पाहिजे.

आणि विहार समित्यांना एक सुचवायचं आहे. वर्षावासात सुप्पबुद्धाचा भाग वाचून होईल त्या रविवारी एक टब, साबण, उकळून गार केलेलं पाणी, मीठ, स्वच्छ सुती कापड, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन एवढं जमवा. तळवे पाहायला एक आरसा ठेवा. बधिर पायांना गरम पाणी लावू नका, आधी कोपराने तपासा. कुष्ठरोगाने कोरडे पडलेले पाय वीसेक मिनिटं भिजवून, निबर कातडी दगडाने हळू घासून, ओलसर असतानाच तेल लावतात. मधुमेह असेल तर पाय भिजत ठेवायचा नाही, धुऊन लगेच टिपायचा, बोटांच्या मधलं आधी. काळी पडलेली, हाड दिसणारी, ताप आणणारी जखम असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायची, सोबत माणूस द्यायचा आणि रिक्षाचे पैसे समितीने द्यायचे. टबाजवळ खाली कोण बसणार, याची चिठ्ठी टाकू नका. अध्यक्षांनी आणि सचिवांनी पहिल्या रविवारी बसावं, नंतर पाळी लावावी.